दोन शब्दांची चिठ्ठी

१

नरसिंहलू साहेब उजाडायच्या आत उठून वाफ्यांवर फिरायला जात. तेरा मेच्या सकाळी मात्र ऊन अंगणात उतरलं, तरी ते खाटेवरच होते.

कुंदाबाई चहा घेऊन आली. नरडाण्यापासून तीन मैलांवर हैदराबादच्या एका कंपनीच्या बियाणे फार्मवर ती साहेबांचा स्वयंपाक करायची. साहेब गुंटूरचे, साठीला आलेले, एकटे. उन्हाळाभर अंगणात खाट टाकून झोपत.

"साहेब, चाय."

तिने जवळ जाऊन पाहिलं. तोंडातून फेस येऊन वाळला होता, आणि उजव्या हाताची मूठ चादरीत इतकी घट्ट रुतली होती की चादर एका बाजूने निघून आली होती. चादरीखालच्या गादीवर, उशीपासून पायथ्यापर्यंत, पांढरी भुकटी पसरलेली होती. सारवलेल्या अंगणात मातीवर पीठ भुरभुरावं तशी, एकसारखी.

खाटेखाली मुंग्यांची एक रांग येत होती. ती खाटेच्या पायाशी येऊन थांबली होती. पुढच्या सगळ्या मुंग्या मेलेल्या होत्या.

कुंदाबाईच्या हातातली कपबशी पडली. ती मागे सरत सरत भिंतीला टेकली आणि तिथेच बसून राहिली.

२

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोलिसाचा माणूस धुळ्यात जीवराम नानांच्या घरी एक पाकीट घेऊन आला.

जीवराम नाना जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं भाषांतरकार होते. इंग्रजी कागद आला की त्याचं मराठी करायचं, खाली 'खरे भाषांतर' असं लिहून सही करायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी अडलंनडलं काम घरी येई.

पाकिटात चिठ्ठी होती. वहीच्या पानातून हाताने फाडलेला तुकडा, निळी शाई, खाली आद्याक्षर. वर इंग्रजीत दोनच शब्द: डस्ट बेड. तारीख बारा मे.

सोबत फौजदार सोनवण्यांचा निरोप होता. साहेबाला मराठी येत नव्हतं, ते रोजची कामं चिठ्ठीवर लिहून देत. फार्मचा सुपरवायझर अभिमन पाटील, शेतकी पदवीधर, चिठ्ठी वाचून मजुरांना काम सांगे. बारा तारखेला त्याने फवारणीच्या मजुराला, वनाला सांगितलं, 'गादीवाफ्यावर पावडर मार.' वनाने नुसतं 'गादी' ऐकलं आणि साहेबांच्या गादीवर मुंग्यांची पावडर टाकली. जहाल विष, मेचा घाम, साहेब रात्रभर त्यावर झोपला. कातडीतून विष भिनलं, असं डॉक्टर म्हणाले. वना कोठडीत होता. 'बेड' या शब्दाचे दोन्ही अर्थ लिहून सही करून द्या, म्हणजे कागद पुरा होईल.

नानांनी चष्मा पुसला. डस्ट म्हणजे धूळ झटकणं, आणि डस्ट म्हणजे भुकटी टाकणंही. शाळेत डस्टरने फळ्यावरची भुकटी पुसतात आणि शेतात डस्टरनेच भुकटी उडवतात. बेड म्हणजे झोपायची गादी आणि बेड म्हणजे रोपं टाकायचा वाफा. मराठीतही त्या वाफ्याला गादीवाफाच म्हणतात. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळलेलं नानांनी कोर्टात क्वचितच पाहिलं होतं.

त्यांनी चिठ्ठी उजेडापुढे धरली. मधोमध नाही, उजव्या कडेकडे एक घडी पडलेली होती आणि त्या घडीवर तारेचं बारीक भोक होतं.

ते लिहायला बसले आणि पेन हातातच राहिलं.

"उद्या मी स्वतः येतो, म्हणून सांगा फौजदारांना," ते म्हणाले.

पोलिसाचा माणूस गेला तेव्हा फाटकाशी एक बाई उभी होती. अनवाणी, डोक्यावर पदर, कडेवर झोपलेलं पोर.

"नाना, मी वनानी बायको, सुनंदा. मना माणूसले एक अक्षर वाचता येस नही. त्याले धरी लई गयात." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "कागद तुम्हनाकडे येल शे, आसं कोणी सांगं. तुम्ही सही कई की तो सुटाव नही, आसं म्हनतस. खरं शे का?"

नानांना खोटं बोलता आलं नाही. "खरं शे, माय," ते म्हणाले. "म्हनीसन अजून सही कयी नही."

३

नरडाण्याच्या ठाण्यातल्या कोठडीत वना गुडघ्यात डोकं घालून बसला होता. पस्तिशीचा असेल. हाताच्या कातडीवर वर्षानुवर्षांच्या पावडरीने पडलेले पांढरे चट्टे.

"तुला अभिमनभाऊंनी काय सांगितलं होतं?"

"सात नंबरना वाफा, आसं सांगं. मी सात नंबरवर पावडर मारी, हातपाय धुयात, आनि दुपारले बजारले चालना गऊ. नरडाणाना बजार व्हता. साहेबनी गादी मी देखी बी नही."

"हा दोन दिवस हेच म्हणतोय," फौजदार सोनवणे बाहेर येऊन म्हणाले. "पण चिठ्ठीत सात कुठे आहे? तुम्हीच सांगा. अभिमन म्हणतो, सात नंबरला नऊ तारखेलाच पावडर मारली होती. आता एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द. चिठ्ठी बघायची तर ती अभिमनच्या बाजूने बोलते."

"बोलते खरी," नाना म्हणाले. "पण तिचं वाक्य अर्धंच आहे."

फौजदारांना ते कळलं नाही. नानांनी अजून समजावूनही सांगितलं नाही. त्यांची स्वतःचीच खात्री व्हायची होती.

फार्मवर अभिमन पाटील फाटकातच भेटला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले. त्याने वाकून नमस्कार केला.

"नाना, चूक माझी आहे. मी 'गादीवाफा' म्हणायला नको होतं, नुसतं 'वाफा' म्हणायला हवं होतं. साहेब मला मुलासारखं मानायचे."

"त्या दिवशी साहेबांशी काही बोलाचाली?"

"छे! सकाळी चिठ्ठी दिली तेवढीच भेट."

"जुन्या चिठ्ठ्या पाहायला मिळतील?"

अभिमनने स्टोअर उघडलं. आत भुकटीचा वास इतका उग्र होता की नानांनी नाकाला रुमाल लावला. त्या दिवसांत साऱ्या फार्मलाच तो वास असायचा. साहेबांना गादीचा वेगळा वास का आला नाही, ते नानांना तिथे कळलं.

भिंतीवर वाकडी तार होती आणि तिच्यात चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. सगळ्या साहेबांच्या हातच्या, सगळ्या मधोमध दुमडलेल्या, घडीवर भोक. नाना एकेक वाचत गेले. वॉटर बेड थ्री. वीड बेड नाइन. डस्ट बेड फोर. एका चिठ्ठीत 'पुट लॉक ऑन द गेट' असं होतं. दुसरीत 'ब्रिंग द बिग स्केल'. नऊ तारखेच्या चिठ्ठ्या तीन निघाल्या, पण त्यांतली एकही पावडरीची नव्हती.

"स्टोअर कोण बघतं?"

"तोताराम. स्टोअरकीपर." अभिमन पुढे म्हणाला. "तो बारा तारखेलाच गेला, नाना. मुलीचं बाळंतपण म्हणाला, त्यानंतर पत्ता नाही. मी कुणावर संशय घेत नाही. पण साहेबांचं आणि त्याचं पटत नव्हतं. आणि पावडरीची किल्ली त्याच्याचकडे असायची."

नाना बाहेर आले. ऊन रणरणत होतं. सात नंबरचा वाफा समोरच होता आणि त्यावरची भुकटी अजून पांढरीफेक दिसत होती. नऊ तारखेची असती, तर साहेब असेपर्यंतच्या रोज दोन वेळच्या झारीच्या पाण्याने कधीच बसली असती; ते गेल्यापासून वाफ्यांना पाणी नव्हतं.

मागे वळून पाहिलं, तर अभिमन स्टोअरच्या दारातून त्यांच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं दुःख नव्हतं.

४

फार्मवरच्याच खोलीत राहणाऱ्या कुंदाबाईने आधी दारच उघडलं नाही. फौजदार बरोबर नाहीत हे पाहिल्यावर तिने कडी काढली.

"माले काहीच माहीत नही."

"मी पोलीस नाही, अक्का. मला एवढंच सांग, साहेबांची गादी दिवसा कुठे असायची?"

"घरमा. पेटीवर, गुंडाळीसन."

"आणि अंगणात कोण आणायचं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

नाना हळू बोलले, "पावडर सगळ्या गादीवर एकसारखी होती. गुंडाळलेल्या गादीवर ती तशी पडूच शकत नाही. म्हणजे गादी आधी उलगडली आणि मग पावडर पडली. उलगडली ती तू. कधी?"

"दिन बुडता." तिला रडू फुटलं. "मी गादी आथरी तव्हय काहीच नव्हतं त्यावर. सप्पा कोरी व्हती. वर चादर टाकी, आनि चुल्हाकडे गऊ. डॉक्टर म्हने पावडर चादरखाल व्हती. मी सांगं असतं, ते चादर टाकनारीलेच धरी लई जातात ना!"

वना तर दुपारीच बाजाराला निघून गेला होता. ही बाई दोन दिवसांपूर्वीच खरं बोलली असती, तर तो कधीच घरी असता. पण नानांना तिचा राग आला नाही. घाबरलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांची भाषांतरं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"दिवस बुडाल्यावर अंगणात कोण होतं?"

"साहेब न्हावाले गयथात. तोतारामभाऊ दुपारनाच गाडीवर गया, बोदवडले लेककडे. बाकी..." तिने शेजारच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज एकदम उतरवला. "अभिमनभाऊ आठेच ऱ्हास. आनि त्या दिन सकाये साहेब त्यावर भलतेच चिडेल व्हतात. हातमा रोप धरीसन हिंदीमा वरडे, 'ये मेरा बीज नहीं है.' तीनदा म्हने. 'हैदराबाद को बताऊंगा,' आसं बी म्हने."

बाहेर पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"नाना," अभिमनचा आवाज आला, "धुळ्याची एसटी निघेल तुमची. मी सोडतो ना स्टँडवर."

कुंदाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

५

नाना स्टँडवर गेले, पण धुळ्याच्या गाडीत बसले नाहीत. अभिमनची मोटारसायकल वळणापलीकडे गेल्यावर ते चालत ठाण्यात गेले. "कुंदाबाईला आजच तिच्या भावाकडे पोचवा," असं त्यांनी फौजदारांना सांगितलं. का, ते उद्या सांगेन म्हणाले. मग पॅसेंजर धरली आणि भुसावळला गाडी बदलून सकाळी बोदवडला उतरले.

तोतारामच्या लेकीचं घर शोधायला वेळ लागला नाही. तोताराम ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. नानांनी फार्मचं नाव काढताच त्याने पोर आत दिलं आणि दार ओढून घेतलं.

"मी येणार होतो साहेब. देवाशपथ येणार होतो."

"मग आला का नाहीत?"

"अभिमन परवा इथे येऊन गेला." तोताराम पन्नाशीचा, लुकडा माणूस. "म्हणाला, 'साहेब मेला. वनाचं नाव आलंय. तू परत आलास, तर पावडर तूच दिलीस म्हणून तुझंही येईल. महिनाभर इथेच बस.' जाताना नातवाच्या पाळण्याला हात लावून म्हणाला, 'गोड पोरगं आहे, जपा.' तेव्हापासून झोप नाही मला."

"बारा तारखेची चिठ्ठी आठवते?"

"आठवते. मला इंग्रजी येत नाही, चौथी शिकलोय. पण इंग्रजी आकडे येतात, आकड्यावरच तर पावडर मोजून देतो. वना चिठ्ठी घेऊन आला. त्यावर सात होता. मी पावडर दिली, चिठ्ठी दुमडली, तारेत खोचली. रोजच्यासारखी."

"दुमडली कशी?"

तोतारामला प्रश्न विचित्र वाटला. त्याने खिशातून बिडीच्या पुडक्याचा कागद काढला, टोकाला टोक जुळवलं, मधोमध घडी घातली. "अशी. घडीवर भोक पाडलं की चिठ्ठी फाटत नाही. बावीस वर्षं अशीच."

"आणि किल्ली?"

"गाडीला निघताना अभिमनकडे दिली."

नाना उठले. "चला माझ्याबरोबर. नातवाची काळजी करू नका. तो माणूस इथे परत येऊ नये असं वाटत असेल, तर तुम्ही आत्ता बोललंच पाहिजे."

तोतारामने बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग त्याने पायात चपला घातल्या.

६

संध्याकाळी स्टोअरमध्ये फौजदार, दोन शिपाई, नाना, तोताराम आणि अभिमन एवढे जण होते. तोतारामला पाहून अभिमन दोन पावलं मागे सरला.

नानांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"फौजदारसाहेब, तुम्ही मला 'बेड'चा अर्थ विचारला होता. गादी की वाफा? मी तोच शोधत होतो आणि अडलो भलत्याच जागी. नरसिंहलू साहेबांचं इंग्रजी स्वच्छ होतं. फाटक म्हणायचं तर ते 'द गेट' लिहीत, तराजू म्हणायचा तर 'द बिग स्केल'. झोपायची गादी म्हणायची असती तर 'द बेड' लिहिलं असतं, नाही तर 'माय बेड'. नुसतं 'बेड' ते एकाच वेळी लिहीत, पुढे नंबर असेल तेव्हा. बेड थ्री, बेड नाइन, बेड फोर. नंबर आला की 'द' लागत नाही. या चिठ्ठीत 'द'ही नाही आणि नंबरही नाही. असं वाक्य साहेबांच्या हातून उतरलं नसतं. नंबर होता. तो कापला गेला."

अभिमन हसला. "व्याकरणावर माणूस फासावर चढवता का नाना? साहेब घाईत होते."

"असतील. म्हणून ही घडी बघा." नानांनी चिठ्ठी घडीवर दुमडली. डावी बाजू लांब राहिली, उजवी दोन बोटं आखूड पडली. मग तारेतल्या दहा-बारा चिठ्ठ्या दुमडल्या. प्रत्येकीचं टोक टोकाला भिडलं. "तोताराम बावीस वर्षं मधोमध घडी घालतोय. ही चिठ्ठी दुमडून तारेत खोचली तेव्हा पुरी होती. आखूड झाली ती नंतर. अभिमनभाऊ, तुम्ही जबानीत सही करून सांगितलंय की सकाळी वाचली तेव्हाच तिच्यात दोन शब्द होते. मग घडी मध्यावर का नाही?"

नानांनी चिठ्ठी पुन्हा टेबलावर ठेवली.

"वनाला वाचता येत नाही. तो आकडा कापून 'बेड'चा अर्थ फिरवेल कसा? तोतारामला हा शब्दच माहीत नाही, शिवाय तो दुपारच्या गाडीने गेला. त्याच्यानंतर किल्ली तुमच्याकडे होती. दिवस बुडताना कुंदाबाईने कोरी गादी अंथरली, साहेब न्हायला गेले, तेव्हा अंगणात तुम्ही होतात. सकाळी साहेबांनी रोप तुमच्यापुढे धरून सांगितलं होतं, हे माझं बीज नाही. मूळ बियाणं बाहेर विकून तुम्ही हलकं टाकलं होतंत. ते हैदराबादला कळवणार होते."

फौजदारांनी अभिमनच्या खोलीची किल्ली मागितली. शिपायाने झडती घेतली, तेव्हा कोनाड्यातल्या डब्यात बियाण्याची सहा सीलबंद पाकिटं सापडली. साहेबांच्या सहीची, वाफ्यांत पडायला हवी होती ती.

अभिमन खाली बसला. नजर चिठ्ठीवरच होती.

"मी चार वेळा वाचली होती कापल्यावर," तो म्हणाला. "मला ती पुरीच वाटली."

"आपल्या भाषेत 'द' नाही," नाना म्हणाले. "नसलेल्या शब्दाची उणीव आपल्या कानाला कशी कळणार? मला कळायला एकतीस वर्षं लागली."

७

वना दुसऱ्या दिवशी सुटला. सुनंदाबाई नानांच्या पायांवर डोकं ठेवायला आली, तेव्हा नाना घरी नव्हते.

बोदवडहून परतताना गाडीत त्यांना एक जुना कागद आठवला होता आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं. अठ्ठावन्न सालची गोष्ट. जळगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगला आग लागून दोन बाया मेल्या होत्या. जिनच्या अँग्लो-इंडियन इंजिनिअरने इंग्रजीत लिहून दिलं होतं, सहा वाजता मी लोटनला पाहिलं, तो 'फायरिंग' करत होता. नाना तेव्हा नोकरीत नवे, जळगावच्या कोर्टात होते. त्यांनी लिहिलं होतं: 'सहा वाजता मी लोटन यास आग लावताना पाहिले.' खाली सही केली होती. खरे भाषांतर.

बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालण्यालाही 'फायरिंग' म्हणतात, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं; पुढे दुसऱ्या एका कागदात तो अर्थ भेटला, तरी लोटनची आठवण झाली नव्हती. आग गोदामात लागली होती. सहा वाजता लोटन भट्टीपाशी होता, एवढंच त्या इंजिनिअरला सांगायचं होतं. तो त्याला सोडवत होता. खटला उभा राहायच्या आधीच तो विलायतेला निघून गेला आणि कोर्टापुढे फक्त नानांचं मराठी राहिलं.

लोटनला दहा वर्षांची सजा झाली होती.

लोटनच्या गावी, नशिराबादला एसटीतून उतरल्यावर नानांनी चार ठिकाणी विचारलं. शेवटी एका म्हाताऱ्याने गल्लीच्या टोकाचं घर दाखवलं आणि तो नानांकडे टक लावून बघत राहिला. त्या घराचा पत्ता विचारत बहुधा कुणी येत नसावं.

दार उघडंच होतं. आत अंधारात कुणीतरी खोकलं.

"कोन आहे?"

नानांनी चौकटीला हात टेकला. सबंध रस्ता त्यांनी वाक्य जुळवलं होतं.

आतून काठी वाजली. एक पाऊल, मग दुसरं. म्हातारा उजेडात आला, डोळ्यांवर हात धरून त्याने नानांना पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "कोन?"

"लोटनभाऊ," नाना म्हणाले, "मी कोर्टातला माणूस. तुमचा कागद मी चुकीचा वाचला होता."